आधी मोरी, मग शेगडी

बागेत स्वयंपाकघर करायचं ठरलं की माणसं पहिल्यांदा शेगडी बघायला निघतात. दुकानात स्टीलचं ग्रिल, शेजारी बुटका फ्रिज, पलीकडे पिझ्झा ओव्हन असं सगळं ओळीने मांडलेलं असतं आणि मागच्या भिंतीवर हिरवळीचं मोठं चित्र. भांडी घासायची जागा त्या मांडणीत कुठेच दिसत नाही. नाशकात मखमलाबादकडच्या आमच्या घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. एक आंबा, एक चिकू, लिंबू, कुंपणाला लागून कढीपत्ता, आणि मधे नुसतीच माती. तिथे बाहेरचं स्वयंपाकघर करायचं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे, आणि आता त्याची आखणी चालू आहे. जितका विचार करते तितकं एक पक्कं होत जातं: हे काम मोरीपासून सुरू करायचं.

कारण सांगते. थंडीत हुरडा असो, भरिताचा बेत असो, बाहेर जाळ झाला की घरातले पुरुष हौसेने पुढे येतात. एरवी ज्यांना मोहरीचा डबा सापडत नाही तेही चिमट्याने वांगी फिरवत बसतात, निखारे सारखे करतात, राख झटकून वांगं सोलतात. मला ते मनापासून आवडतं. पण जेवणं झाली की परात, पातेली, काळं झालेलं भांडं, तेलकट झारे, सगळं उचलून आत येतं. रात्री आतल्या सिंकपाशी कोण उभं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेर चूल मांडली आणि घासायला आतच यायचं असेल, तर ज्या बाईच्या हातचं काम हलकं व्हावं म्हणून हे सगळं करायचं, तिच्या कामात भरच पडते. जिथे शिजलं तिथेच घासलं जावं, तिथेच पालथं पडावं आणि ज्याने शिजवलं त्यानेच ते करावं. एवढं साधलं तर बाकीची उपकरणं चार महिन्यांनी आली तरी चालतील.

आपल्याकडे हे नवं नाही. माझ्या सासूबाईंचं माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यातलं. परसदारी हौद, हौदाला लागून दगडी मोरी, मोरीच्या पलीकडे मोठी चूल आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. रोजचा स्वयंपाक आत, पण लग्नकार्य, वाळवणं, दिवाळीचं तळण हे सगळं मागे. मोरीचं पाणी उघड्या पन्हळीतून केळी आणि अळवाच्या वाफ्यात जायचं. भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासायची पद्धत होती, त्यामुळे त्या पाण्यावरच्या अळूची फतफतं बिनधास्त व्हायची. आता आपण साबण वापरतो, म्हणून मी त्या पाण्यावर अळू लावणार नाही. कर्दळ आणि केळ लावणार. सांडपाणी शोषून घ्यायला कर्दळ चांगली, असं जुन्या बायकांना माहीत होतं आणि आजही वनस्पतींच्या मुळांवाटे सांडपाणी शुद्ध करायच्या योजनांमध्ये ती लावतात.

मोरी दोन उंचींची हवी. ओट्यात बसवलेलं एक खोल सिंक, ताटवाट्या आणि भाज्या धुवायला. आणि ओट्याच्या टोकाला गुडघ्याएवढ्या उंचीवर चार बाय तीन फुटांची एक मोरी, मोठी पातेली आणि कढया आडव्या करून घासता येतील अशी, शेजारी बसायला स्टूल. अगदी जमिनीलगतची मोरी नको, आमच्या घरात गुडघे दुखणाऱ्या बायका आहेत. दोन्हींचं पाणी एका लहान चेंबरमध्ये जाईल. त्यात तेल वर तरंगून अडकतं आणि खालचं पाणी टी आकाराच्या पाइपातून पुढे खडीच्या वाफ्यात उतरतं. चेंबरचं झाकण सहज उचलता यायला हवं, नाहीतर वर साचलेला तेलाचा थर कोणी काढत नाही आणि मग वास येतो. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याला ही वाट जोडायची नाही. भोवतीच्या फरशीला दर आठ फुटांना इंचभर ढाळ द्यायचा, घराकडून बागेकडे.

मोरीची जागा ठरल्यावर जाळाची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, धूर कुठे जातोय ते आधी बघ. माणसं कुठे बसवायची ते मागाहून ठरव." मग आम्ही एक शेणाची गोवरी घेतली, ती पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून पेटवली आणि नंतर विझत घातली, म्हणजे नुसता पांढरा धूर निघत राहतो. तो पत्रा बागेत इकडून तिकडे हलवत राहिलो, कधी भल्या सकाळी, कधी दिवेलागणीला. सासूबाई खुर्ची घेऊन वेगवेगळ्या जागी बसायच्या आणि डोळे चुरचुरले की हात वर करायच्या. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो, चांगला अंगावर येतो. थंडीत तो मंद असतो आणि उत्तरेकडून, कधी ईशान्येकडून येतो. म्हणजे जाळ आग्नेयेला आणि माणसं वायव्येला बसली की दोन्ही ऋतूंत धूर माणसांवर येत नाही. वास्तू सांगणारे अग्नी आग्नेयेलाच ठेवायला सांगतात. आमच्या परसातल्या वाऱ्याचं आणि त्यांचं एकमत झालं याचं सासूबाईंना फार समाधान वाटलं, आणि मलाही.

पण पूर्वेला शेजाऱ्यांची खिडकी आहे. आपला धूर त्यांच्या घरात जाऊ द्यायचा नाही. म्हणून चुलीवर पत्र्याचं धुराडं, छताच्या वर निदान दोन-तीन फूट काढलेलं. लाकडाची चूल ठरावीक दिवशीच पेटेल, रोजचं काम गॅसवर होईल. आंबा जाळापासून लांब आहे. झाडाखाली सावली मिळते म्हणून तिथेच ओटा बांधायचा मोह होतो, पण वाळक्या पानांखाली जाळ नको, पाखरांची घाण ओट्यावर नको आणि उष्णतेने फांद्याही होरपळतात. सरपण म्हणून बाभळीच्या ढलप्या चांगल्या, निखारा टिकतो. आमच्या जिल्ह्यात छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे भारेच्या भारे निघतात, एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमाराला. ओळखीचे बागाईतदार ट्रॅक्टर भरून द्यायला तयार असतात. पण बागेवर हंगामभर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. ज्या जाळावर वांगं नाहीतर भाकरी थेट भाजायची, त्यात त्या काड्या घालायला माझं मन धजत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या संध्याकाळी मुंबईसारख्या चिकट नसतात. उन्हाळ्यातही सूर्य कलला की बाहेर बसावंसं वाटतं. वर्षाकाठी सात-आठ महिने बाहेर रांधता येतं. आमचं वर्ष कोजागिरीपासून मोजलं तर असं आहे: कोजागिरीला मोठ्या पातेल्यात आटवलेलं दूध. मग दिवाळीचं तळण, ज्याचा धूर आणि तेलकट वास घरभर भरतो आणि पडद्यांत बसतो. डिसेंबर-जानेवारीत भरीत, हुरडा, बाजरीची भाकरी. होळी झाली की वाळवणं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, आमरस आणि खापरावरचे मांडे. मग पाऊस, आणि चार महिने झाकपाक. ही यादी कागदावर उतरवली तेव्हा लक्षात आलं की भरिताची वांगी सोडली तर यातलं एकही काम दुकानातल्या ग्रिलवर होणारं नाही.

कुरडईचा चीकच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, पिळून, गाळून चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. मग मोठ्या पातेल्यात मीठ घालून आधण ठेवायचं आणि त्यात तो चीक घाटायचा. घाटणं म्हणजे थांबायचं नाही. दोन्ही हातांनी चाटू धरून अंगाचा भार देऊन फिरवत राहायचं, कारण क्षणभर हात थांबला की गाठी होतात आणि तळाला लागतं. पांढरट चीक हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो आणि चाटूला जड लागायला लागतो. त्या वेळी मुलं वाट्या घेऊन भोवती उभी असतात, कोणाला दूध-साखरेबरोबर हवा असतो, कोणाला नुसत्या तेलाबरोबर. आता हे पातेलं ३३ इंचांच्या ओट्यावरच्या शेगडीवर ठेवलं तर त्याची कड थेट छातीपाशी येते. तिथून भार देता येत नाही, आणि उकळता चीक उडाला तर तोंडावर येतो. म्हणून मला एक शेगडी बुटकी हवी, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर, भोवती वाऱ्याला आडोसा असलेली. बाजारात मिळणाऱ्या बाहेरच्या स्वयंपाकघराच्या तयार संचांत अशी शेगडी मी अजून पाहिली नाही. आचाऱ्यांकडे असते तशी भट्टी बसवून घ्यायची आणि तिच्या बाजूने पक्का कट्टा बांधायचा.

मुख्य ओट्याची उंची ठरवायला सोपी रीत आहे. सरळ उभं राहून कोपर दुमडायचं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यावा. आमच्या घरात जास्तीत जास्त वेळ जे हात कामाला लागणार त्या हातांचं माप घेतलं, म्हणजे माझं, सुनेचं आणि मुलाचं, आणि मधलं ठरवलं. ओट्याचं तोंड मात्र भिंतीकडे नाही. उभं राहणाऱ्याचा चेहरा बसलेल्या माणसांकडे असेल. बाहेर स्वयंपाक करायचा तो गप्पांतून वगळलं जाऊ नये म्हणून, हे मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं.

आखणी फक्कीने केली. गवंड्याने पांढऱ्या रेघा मारल्यावर आम्ही त्या रेघांच्या आत उभे राहून कोण कुठून ये-जा करेल ते करून पाहिलं. गरम कढई उचलून ठेवायला शेगडीच्या दोन्ही बाजूंना निदान दीड फूट मोकळी जागा लागते, हे रिकामी कढई हातात धरून वळलं की लगेच कळतं. गवंडी पायाने माती उकरत म्हणाला, "ताई, हितं काळी हाय. मुरूम लागंस्तोवर खणावं लागंल." त्याचं बरोबर आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर उभं केलेलं बांधकाम दोन-तीन वर्षांत तडकतं. दगडी ओट्याला तडा गेला तर गेला, पण गॅसची नळी त्याच ओट्यातून जाते. म्हणून काळी माती काढायची, मुरूम भरून, धुमस करून त्यावर काँक्रीट. या खर्चात कपात करायची नाही असं मी ठरवलं आहे. ग्रिल लहान घेतलं तरी चालेल.

दगडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ग्रॅनाइट. कडप्पा स्वस्त आणि देखणा, आमच्या जुन्या घरात तोच होता, पण तो चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच, टोमॅटोचा रस सांडला की त्याची झिलई जाते. हल्ली पांढऱ्या कृत्रिम क्वार्ट्झची फॅशन आहे, पण त्यात राळ असते आणि ती उन्हाने पिवळी पडते. हळदीचे डाग वेगळेच. ग्रॅनाइटमध्येही काळाभोर नको. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या उन्हात काळ्या दगडावर हात टेकवत नाही. करडा घ्यायचा, आणि गुळगुळीत पॉलिशऐवजी जरा खरखरीत. कपाटांना लाकूड नाही, प्लायवूड तर नाहीच. विटांचे खण आणि ३०४ दर्जाची स्टीलची दारं. समुद्रकाठी खाऱ्या हवेसाठी त्याहून महाग ३१६ घ्यावं लागतं, नाशकात ३०४ पुरतं. दुकानदार २०२ चं स्टील दाखवतात, ते दिसायला तसंच असतं पण बाहेर ओलीत गंजतं.

गॅसचं सगळ्यात काळजीपूर्वक करायचं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली उतरतो आणि सखल जागी साचून राहतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला अगदी तळाशी जाळी हवी, बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि ते कपाट मोरीच्या चेंबरपासून लांब हवं, कारण गळलेला गॅस आधी त्या खड्ड्यातच उतरेल. १४.२ किलोचा सिलिंडर कायम उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. आमची बुटकी भट्टी म्हणूनच सिलिंडरजवळ नसेल. तिच्यासाठी ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याची पक्की नळी आणि हाताशी वेगळा कॉक, हे काम अधिकृत माणसाकडूनच. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, उन्हात नको, आणि पाच वर्षांनी बदलायचीच. शहराच्या काही भागांत आता पाइपचा गॅस आला आहे. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे त्याला जाळी वरच्या बाजूला लागते. उद्या आमच्याकडे तो आला तर अडायला नको म्हणून कपाटाला वरही जाळी ठेवणार आहे, आणि शेगडीचे नोझलही तेव्हा बदलावे लागतील. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलीच शेगडी घ्यायची. घरात ती चैन वाटेल, बाहेर ती नसेल तर शेगडी घेऊच नये. काचेच्या टॉपची शेगडीही बाहेर नको, तापलेल्या काचेवर वळवाचे थेंब पडले तर ती तडकू शकते.

विजेचं थोडक्यात. तार जमिनीखालून पाइपातून, प्लगवर पावसाळी झाकणं, नीट अर्थिंग, आणि बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. मिक्सरसाठी एक प्लग, इंडक्शनसाठी १६ अँपिअरचा एक. मिक्सर बाहेर हवाच. ठेचा आत वाटला की घरभर खाट उठते. दिवे पिवळट, आणि थेट ओट्याच्या डोक्यावर नाहीत. पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात आणि वळवाच्या दिवसांत ते कढईत पडतात.

फ्रिजवर घरात बरीच चर्चा झाली. मुलाला हवा होता. घरगुती फ्रिज कोणत्या तापमानाच्या खोलीत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं: एन वर्गाचा १६ ते ३२ अंशांत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. खालची हद्द तिन्हींची १६ च. आमच्याकडे मे महिन्यात चाळिशी आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली. एकाच थर्मोस्टॅटवर चालणारा फ्रिज अशा थंडीत बाहेर ठेवला तर त्याला आधीच गार वाटतं, कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि फ्रीझरमधलं बर्फ सुटायला लागतं. खास बाहेर ठेवायचे फ्रिज मिळतात, पण आमचं आतलं स्वयंपाकघर चार पावलांवर आहे. मुलानेच शेवटी तो मुद्दा सोडला. त्या जागी वाळूच्या बैठकीवर माठ ठेवणार आहोत. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठातलं पाणी खरोखर गार होतं. पिझ्झा ओव्हनसाठी एक खण मोकळा सोडला आहे. नातवाला पुढे हवा वाटला तर बसवता येईल, तोवर तिथे परात आणि काटवट.

छत मंगलोरी कौलांचं, घराच्या बाजूला उतार नसलेलं. पारदर्शक पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघतं. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, पक्कं छत घालायचं तर महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून आर्किटेक्टकडून नकाशा करून घेतो आहोत. आणि खरकटं रात्रभर बाहेर ठेवायचं नाही, हा नियम आत्तापासून. खरकट्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि आमच्या बाजूच्या मळ्यांमध्ये तो दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात.

राहता राहिली चूल. माझ्या धाकट्या जाऊबाई धुळ्याकडच्या. त्या हातावर मांडा मोठा करतात तेव्हा बघत राहावं. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरत जातो आणि अलगद पालथ्या खापरावर उतरतो. नाशकात त्या आल्या की गॅसवर लोखंडी तवा पालथा घालून वेळ भागवतात, पण जाळ मधोमधच लागतो आणि कडा कच्च्या राहतात. या वेळी मी त्यांना विचारूनच चूल बांधणार आहे. गवंड्याला चुलीच्या तोंडाचं माप हवं आहे, आणि ते खापराच्या घेरावरून ठरतं. काल फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, माझं खापर माळ्यावर आहे. उद्या खाली काढते आणि दोरीने मोजून सांगते. पण चुलीला मागून एक भोक ठेवायला सांगा त्यांना, नाहीतर खापर एका अंगाने तापत नाही." ते भोक आता नकाशावर काढून घेतलं आहे.